राजाच्या माणसाचं चित्र

अबुधाबी, सोमवार, १३ जानेवारी २०२५

बाबा,

नमस्कार लिहीत नाही. तुमचे दोन्ही हात हिंमतभाऊसमोर जोडलेले असतात, माझा नमस्कार घ्याले मोकळे कुठून असतीन.

शेगाव स्टेशनावर गाडीत बसवताना तुम्ही माझा दंड धरून सांगितलं होतं, "फोनवर केसचं एक अक्षर बोलायचं नाही. रेकॉर्ड होते सगळं." वर्षभर ऐकलं. आता ऐकायची इच्छा नाही, म्हणून कागदावर लिहून राह्यलो. इथला एक खामगावचा माणूस सुट्टीवर चालला, त्याच्या हाती देतो. नववीत शाळा सोडल्यावर पहिल्यांदाच एवढं लिहितो. चुका काढत बसू नका.

मायनं काल सांगितलं की तारीख लागली. आठ एप्रिल. पहिला साक्षीदार पंजाबराव, म्हणजे तुम्ही. हिंमतभाऊची कापून रचलेली सोयाबीनची सुडी संघपालनं पेटवली, मी डोळ्यानं पाह्यलं, असं तुम्ही जज्जासमोर सांगणार. तुम्ही काय पाह्यलं? त्या संध्याकाळी तुम्ही भाऊच्या वाढदिवसाच्या मांडवात होते. भाऊनं केक कापला तेव्हा सुरी पुसाले रुमाल घेऊन तुम्हीच उभे होते. सगळ्या गावानं पाह्यलं. एक माणूस एका वेळी मांडवात अन् वावरात कसा राहते? मी तापानं घरी पडलो होतो, तरी मले एवढं कळते.

माझा दोस्त संघपाल पोलीस भरतीत धावण्यात पास झाला, हे तुम्हाले माहीत असनच. ही केस डोक्यावर राह्यली तर त्याले वर्दी भेटत नाही. पुढच्या भरतीपर्यंत वय निघून जाते. दोन वर्षं तो पहाटे वरवट बकालच्या रस्त्यानं धावला. तुमच्या जबानीवरच्या एका सहीनं त्याचे पाय बांधले. म्हणून हे पत्र. कोर्टात खरं सांगा. "मी पाह्यलं नाही," एवढंच म्हणायचं आहे.

माझं काम मायले "सिक्युरिटी" म्हणून सांगितलं आहे. इथं काठी नाही, शिट्टी नाही. हे म्युझियम आहे. थंडगार, पांढरं, स्वतःच्या बुटाच्या आवाजाची लाज वाटते असं. मले एका खोलीत आठ तास उभं केलेलं आहे. बसायचं नाही, भिंतीले टेकायचं नाही, मोबाईल पाहायचा नाही. लोक चित्राच्या फार जवळ गेले की हात पुढं करून "प्लीज" म्हणायचं. तुम्हाले माहीत आहे मी कुठं टिकत नाही. शेगावचा लॉज चार महिन्यांत सोडला, पुण्याची कंपनी सहा महिन्यांत, सुरतेची तर दिवाळीच्या आधीच. अशा माणसाले उभं राहायचा पगार सुरू झाला.

माझ्या खोलीतलं चित्र इंग्लंडहून वर्षभरासाठी आणलं आहे. पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस. तिकडं ट्यूडर नावाचं राजघराणं होतं. त्यातल्या सहा लग्नं केलेल्या राजाच्या दरबारात हा होता. नाव सर अँब्रोज. आडनाव माझ्या जिभेवर बसत नाही. अंगात काळी मखमल, खांद्यावर जनावराची केसाळ कातडी, गळ्यात सोन्याची साखळी. साखळीले एक बिल्ला, अन् बिल्ल्यावर राजाचा चेहरा. पहिल्या दिवशी तो बिल्ला पाहून मले हसू आलं. तुमच्या खिशावर हिंमतभाऊचा असते तसाच.

त्याचे डोळे आपल्याकडं नाहीत, बाजूले आहेत. इथं लखनौची एक गाईडबाई आहे. रोज पाहुण्यांच्या टोळ्या आणते अन् इंग्रजीत सांगते. मी हिंदीत विचारलं, "मॅडम, ये किधर देख रहा है?" ती म्हणे, "जिधर राजा बैठा होगा, भागवतजी."

बाबा, मले तुम्ही दिसले. सभेत भाऊनं काही विनोद केला की तुम्ही एकदम हसत नाही. आधी नजर वाकडी करून भाऊच्या तोंडाकडं पाहता. तिथं हसू दिसलं की मग हसता. लहानपणी मी तुमच्या शेजारी बसून हे पाहायचो. मले वाटायचं, तुम्हाले कमी ऐकू येते.

आठ एप्रिल. पत्राचं उत्तर द्या.

भागवत


अबुधाबी, सोमवार, ३ फेब्रुवारी

बाबा,

उत्तर आलं नाही. मायले विचारलं तर म्हणे, "पत्र त्यायनं वाचलं अन् बंडीच्या खिशात ठेवलं. जेवले नाही." जेवले नाही तर भाऊकडं जेवले असतीन. तिथं पंगत कधी उठते.

आज तुम्हाले सर अँब्रोजची पदवी सांगतो. मी गाईडबाईले विचारलं की हा दरबारात काम काय करायचा. ती आधी हसली, मग म्हणाली. राजा शौचाले बसला की जवळ उभं राहायचं, पाणी द्यायचं, फडकं द्यायचं. खोटं नाही. तिकडं त्याले फार मोठा मान होता. राजाच्या एवढ्या जवळ दुसरं कोण जाऊ शकते? मोठमोठ्या घरचे लोक त्या जागेसाठी एकमेकांचा गळा धरायचे. तुम्ही त्या काळात असते तर माय म्हणाली असती, "आमच्या यायले प्रमोशन भेटलं."

चिडा. तुम्ही चिडावं म्हणूनच लिहून राह्यलो. शेगावच्या मंदिरात चपला ठेवाले फुकट जागा आहे. तरी भाऊ दर्शनाले आत गेले की तुम्ही बाहेर त्यांच्या चपला हातात धरून उभे राहता. मी विचारलं होतं, "बाबा, तुमचं दर्शन?" तुम्ही म्हणाले, "भाऊचं झालं म्हणजे आपलं झालं." गजानन महाराजाले हा हिशेब माहीत नसन.

वाढदिवसाचा तो फ्लेक्स आठवते का? मधात भाऊ हत्तीएवढे. खाली दोन रांगांत गोल गोल डोकी, अन् सगळ्यात खाली तिसरी रांग. त्यात डावीकडून सातवे तुम्ही, शेंगदाण्याएवढे. तुम्ही त्या फ्लेक्सखाली मले उभं करून फोटो काढाले लावला होता. "दोन वर्षांनी दुसऱ्या रांगेत येतो पाह्य," म्हणाले होते. मले त्या दिवशी तुमची कीव आली नाही. राग आला. कारण त्याच्या चार दिवस आधी तुम्ही आपली ताडपत्री उचलली होती.

ते मी एकदाही बोललो नाही. आज बोलतो. आपल्या तीन एकराची सोंगणी झाली होती. सोयाबीनची सुडी रचून ताडपत्री टाकून ठेवली होती, मळणी यंत्राची वाट पाहत. गावात यंत्र एकच, अन् तुम्हीच त्याचा नंबर लावणारे. पाच दिवस ते भाऊच्या वावरात. संघपालनं भर चौकात भाऊले विचारलं, "भाऊ, आमचा नंबर दिवाळीनंतर लावता का?" पुढं पोलिसांनी तेच भांडण पकडलं.

त्या दिवशी आभाळ भरलं. भाऊच्या ओट्यावर मी पण होतो. भाऊ म्हणाले, "पंजाबराव, एक सुडी उघडीच राह्यली ना बे."

तुम्ही म्हणाले, "तुमी कायले टेन्शन घेता भाऊ? माही ताडपत्री हाय ना."

कोणीतरी म्हणालं, "अन् तुमची सुडी?"

"माहं काय, तीन एकराचं. निभते."

मग सगळे हसले. एक जण म्हणाला, "पंजाबराव, उद्या घरावरचे टीनं बी आणसान!" तुम्ही भाऊकडं पाह्यलं, अन् तुम्ही पण हसले.

रातभर पाणी आलं. सकाळी आपल्या सुडीत हात घातला तर आत गरम लागत होतं, वास सुटला होता. दोन दिवसांत दाण्याले कोंब फुटले. माय ते कोंब हातात घेऊन बसली होती. अन् भाऊची सुडी आपल्या ताडपत्रीखाली कोरडी खडखडीत. वाढदिवसाच्या संध्याकाळी आतून धूर निघाला तेव्हा वरची ताडपत्री आधी फुगली, मग आकसली, मग भसकन गेली.

आता सर अँब्रोजचं पुढचं ऐका. त्याचा एक दोस्त होता, एका ताटात जेवणारा. राजाचं मन त्या दोस्तावरून उडालं. राजाले साक्षीदार पाहिजे होता. सर अँब्रोज उभा राह्यला अन् म्हणाला की याले राजाविरुद्ध बोलताना मी माझ्या कानानं ऐकलं. दोस्ताचं मुंडकं गेलं. याले त्याची जमीन भेटली. पण राजाचं मन पुन्हा फिरलं, अन् चार वर्षांनी त्याच ओंडक्यावर सर अँब्रोजचं मुंडकं गेलं. खोटी साक्ष देणाऱ्याचं शेवटी हेच होते. हिंमतभाऊचंही मन फिरन एक दिवस. तेव्हा तिसऱ्या रांगेतलं डोकं पहिले जाईन.

आठ एप्रिलले खरं सांगा.

भागवत


अबुधाबी, सोमवार, २४ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र भेटलं. खामगाववाला घेऊन आला. पाकिटात पापड, लोणचं अन् मधात तुमचा कागद. तेलाचा डाग पडला आहे. मी पंधरा वेळा वाचला असन. इथंच उतरवून ठेवतो, कारण तुम्ही काय लिहिलं ते तुम्हाले परत दिसलं पाहिजे.

"चि. भागवत, दोन्ही पत्रं भेटली. चुलीत टाकली. मी मांडवातून मधातच निघालो होतो. आभाळ आलं, ताडपत्रीची दोरी ढिली राह्यली होती म्हणून पाहाले गेलो. वावराच्या धुऱ्यावरून पळणारा मी ओळखला. त्याले चालायले मी शिकवलं. तुले ताप नव्हता. नोकरी कर. पुन्हा लिहू नको."

मी हा कागद ड्युटीच्या शर्टात घालून दिवसभर उभा राह्यलो. दोन बायका चित्राले नाक लावून उभ्या होत्या तरी मी "प्लीज" म्हणालो नाही. सुपरवायझर बोलला.

हो. मी लावली.

लिहिलं पहा. सोळा महिन्यांत हे मी कोणाले सांगितलं नाही, रूममधल्या पोरांना नाही, मायले नाही. सगळे मांडवात होते. मी वावरामागच्या पांदीच्या वाटेनं गेलो. नुसती ताडपत्री परत घ्याले गेलो होतो, देवाशपथ. आपली होती ना ती. दोरी सोडली, कोपरा उचलला, अन् आत हात घातला. कोरडं. एवढं कोरडं की शेंगा हाताखाली कडकड वाजल्या. मांडवातून भोंगा ऐकू येत होता, "आपले लाडके हिंमतभाऊ". माझ्या खिशात माचीस होती. बस.

मले वाटलं होतं तुम्हाले माहीत नाही. दोन पत्रं मी तुम्हाले खोटं बोललो, अन् तुम्ही वाचताना काय म्हणाले असतीन मनात? "तापानं घरी पडलो होतो." ते वाक्य तुम्ही चुलीत टाकलं का जोरात?

आता कळते. केस झाल्यावर तुम्ही तीन महिन्यांत पासपोर्ट काढला, भाऊच्या ओळखीनं एजंट धरला, मले इकडं पाठवलं. मी म्हणत होतो की पोरगा डोळ्यासमोर नको म्हणून हाकलला. फोनवर बोलू नको म्हणाले ते भाऊसाठी नव्हतं.

पण आभार मानीन असं समजू नका. मले एक सांगा. पोलिसांनी विचारलं, "कोण होता?" तेव्हा "अंधारात दिसलं नाही" म्हणता आलं असतं. कोणीच पकडला गेला नसता. तुम्ही नाव काऊन घेतलं? मले वाचवाले घेतलं, का भाऊले कोणीतरी पाहिजे होता म्हणून दिला? अन् हजार उंबऱ्याच्या गावात तुम्हाले तेच एक नाव कसं सुचलं? चौकात भाऊसोबत तर पाटलाच्या पोरानंही भांडण केलं होतं. त्याचं नाव घेतलं असतं तर पन्नास माणसं दारात आली असती. संघपालच्या वस्तीतून तुमच्या दाराशी कोणी येत नाही, हे तुम्हाले ठाऊक होतं. तो आपल्या घरी जेवलेला आहे. माय त्याले दोन भाकरी जास्त वाढायची. तुम्ही त्याच्या बापाच्या मयतीले गेले होते.

मी आग लावली, ते रागानं. तुम्ही सही केली, ती विचार करून.

अजून एक कबूल करून टाकतो. सर अँब्रोजचं मुंडकं उडालं हे मी मनानं लिहिलं. तुम्ही घाबरावे म्हणून. गाईडबाईनं सांगितलं ते असं नाही. तो म्हातारा होऊन, आपल्या पलंगावर, लेकीसुनांच्या मधात मेला. राजा त्याच्या आधी गेला. चर्चमधी त्याची संगमरवरी कबर आहे, पायाशी दगडाचं कुत्रं आहे. मी म्हणालो, "मॅडम, सजा?" ती म्हणे, "कैसी सजा?"

म्हणून तुम्हाले धमकी द्याले माझ्याजवळ आता काही नाही.

भागवत


अबुधाबी, सोमवार, १७ मार्च

बाबा,

रोजे सुरू आहेत. म्युझियम दुपारी उघडते, माणसं कमी. रिकाम्या खोलीत मी अन् तो. माझं डोकं फिरलं होतं. गाईडबाई आली तेव्हा विचारलं, "मॅडम, ते दोस्ताचं चित्र कोणत्या खोलीत आहे?"

"किस दोस्त का?"

"ज्याचं मुंडकं गेलं."

ती म्हणाली की त्याचं चित्रच नाही. काढलं होतं का नव्हतं, कोणाले माहीत नाही. असलं तर घरच्यांनी भीतीनं जाळलं असन. चित्राखालच्या पाटीवर त्याचं नावसुद्धा नाही. सर अँब्रोजवर अठरा ओळी आहेत. मी मोजल्या. दोस्तावर एक शब्द नाही. मी विचारलं, "मग तुम्ही तरी नाव सांगा." तिले आठवेना. तिनं मोबाईलमधी पाह्यलं, वहीत पाह्यलं. "कल बताती हूँ," म्हणाली. तीन दिवस झाले, सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी मी संघपालले फोन लावला. रेकॉर्ड होऊ दे म्हटलं.

तो मैदानावर होता. श्वास लागला होता. "भाग्या! बोल बे! दुबईचा शेख झाला तू, फोन बी करत नाही."

"अबुधाबी आहे हे."

"तेच ते. उंट पाह्यला का?"

"संघ्या, सुडी मी लावली."

तो म्हणाला, "काऊन?"

मी ताडपत्रीचं सांगितलं. कोंबाचं सांगितलं. सांगताना माझ्याच कानाले ते लहान लागलं. एवढ्यासाठी?

तो म्हणाला, "सोळा महिने झाले. मी रोज विचार करू राह्यलो का कोण असन. गावातल्या एकेकाचं तोंड डोळ्यासमोर आणून पाह्यलं. ज्याच्यावर शक आला त्याच्याशी बोलणं सोडलं. मायचा भाऊ, त्याच्यावर बी शक घेतला. तुहं तोंड नाही आणलं बे मी. एकदा बी नाही."

मी म्हणालो, "शिव्या दे."

"तुले शिव्या देऊन माही भरती होते का?" मग बाजूले कोणालातरी "आलो" म्हणाला. मले म्हणाला, "तुह्या बाबाले मालूम हाय?"

बाबा, मी इथं अडकलो. मग खरं सांगितलं. "हो. त्यांनी मले पाह्यलं होतं."

तो हसला. तसं हसणं मी त्याचं कधी ऐकलं नव्हतं. "म्हणजे पंजाबरावकाकानं खरंच पाह्यलं होतं. मी समजत होतो खोटे बोलू राह्यले." मग म्हणाला, "फोन ठेव. माह्या वकीलबाईचा नंबर पाठवतो. मले फोन करू नको आता."

नंबर दहा मिनिटांत आला. खाली काही लिहिलेलं नाही.

मायनं परवा सांगितलं की संघपालची माय, महामायामावशी, आपल्या दारावरून जाताना थांबत नाही, मान खाली घालून जाते. माय म्हणे, "माह्यानं तिच्याकडं पाह्यवत नाही." आपल्या मायले काही माहीत नाही ना? तिले मी सांगणार नाही. ते तुमच्या वाटेचं आहे.

भागवत


अबुधाबी, सोमवार, २४ मार्च

बाबा,

हे पत्र तुम्हाले उघडं भेटन. आधी वकीलबाईनं वाचलं असन, तिच्याकडून तुमच्याकडं येईन. पाकीट फाडलेलं पाहून घाबरू नका.

तिच्याशी चार वेळा बोललो. ती गोड बोलत नाही. म्हणाली, "तुम्ही येऊन कबूल केलं म्हणजे दुसऱ्या दिवशी संघपाल सुटतो असं समजू नका. वेळ लागेल. आणि तुम्हाला अटक होईल, ते आधी समजून घ्या." मी म्हणालो समजलं. तिनं पुन्हा विचारलं, "खरंच समजलं?" तेव्हा समजलं.

काय काय झालं ते सगळं मी सहा पानांवर लिहून, सही करून पाठवलं आहे. ताडपत्री, दोरी, माचीस, पांद. तुमचं पत्र मात्र दिलं नाही. खूप विचार केला. तो कागद दिला असता तर तुम्ही पण आत जाता, खोट्या जबानीत. ती म्हणाली, "तुमच्या वडिलांनी तुम्हाला ओळखलं होतं, याचा काही कागद आहे का?" मी नाही म्हणालो. हे माझं शेवटचं खोटं. इथं मी तुमच्यावर मेहेरबानी करून राह्यलो असं वाटत असन तर तसं समजा. तुम्ही माझ्यासाठी जे केलं त्याची परतफेड नाही ही. तुम्ही माझ्यासाठी केलं का नाही, ते मले अजून कळलं नाही.

पण हे पत्र ती वाचणार, हे माहीत असून इथं लिहून राह्यलो. म्हणजे तेही सांगून झालं. पहा, मले धड लपवताही येत नाही. कागद माझ्या बॅगमधी आहे. तिनं मागितला तर मी काय करीन, मले माहीत नाही.

नोकरी सोडली. सुपरवायझर म्हणाला, करार मोडतो म्हणून परत इथं येता येणार नाही. शेवटच्या दिवशी माझ्या जागी नेपाळचा एक जण आणला. त्याले चित्र दाखवलं. त्यानं विचारलं, "ये कौन है?" मी म्हणालो, "कोई नहीं. हाथ मत लगाने देना किसी को."

पाच एप्रिलले निघतो. मुंबईहून रेल्वेनं शेगावले उतरीन. घरी येत नाही. वकीलबाईनं सांगितलं आहे तिथं राहीन, कारण घरी आलो तर माय रडन, तुम्ही दार लावसान अन् बाहेर भाऊचे चार जण उभे राहतीन. भाऊले कळणार आहेच. तुम्हीच सांगा त्याले, दुसऱ्यानं सांगण्याच्या आधी. तिसरी रांग गेली समजा. त्या दिवशी घरी जेवाल, एवढं तरी होईन.

मी तुमच्यावर रागावलेला आहे अन् राहीन. तुरुंगात गेलो तरी. पण एक गोष्ट रोज डोक्यात येते. मी धुऱ्यावरून पळालो तेव्हा तुम्ही हाक मारली नाही. मारली असती तर मी थांबलो असतो. मी तुमच्या हाकेले लहानपणापासून थांबत आलो. तुम्ही माझं नाव घेतलं असतं, तर तिथंच दोघांनी मिळून माती टाकून विझवली असती. त्याऐवजी तुम्ही गप उभे राह्यले, अन् दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं नाव घेतलं.

वकीलबाईनं आठ तारखेचं समजावून सांगितलं. अकरा वाजता कोर्ट बसते. शिपाई दारात येऊन नाव पुकारते. पहिला पुकारा तुमचा. तुम्ही आत जाऊन शपथ घ्याल, अन् सरकारी वकील विचारन की त्या संध्याकाळी धुऱ्यावर कोण होतं. मी बाहेर बाकावर बसलेला असन. दार उघडंच राहते म्हणे, आतलं ऐकू येते.

तुम्ही संघपालचं नाव घेतलं, तर मी उठून आत येतो. तुम्ही माझं नाव घेतलं, तरी मी आत येतो.

मले यावंच लागणार आहे. कोणत्या नावावर, ते तुम्ही ठरवा.

तुमचा मुलगा,
भागवत